दीराचं मशीन आणि अरबी समुद्राचं बूच

वाचकाचं पत्र (लांब होतं, नाव-गाव गाळून, थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले, घरातून समुद्राची गाज ऐकू येते एवढ्या जवळ. थोडी हापूसची कलमं आहेत आणि दोन खोल्यांचं होमस्टे. ह्यांचे चुलतभाऊ मस्कतला कामाला होते, ते आता कायमचे गावी आलेत आणि येताना मेटल डिटेक्टर घेऊन आलेत. पहाटे किनाऱ्यावर फिरतात आणि संध्याकाळी आमच्या पडवीत चहा घेत काय काय गावलं ते सांगतात. आता म्हणतात मी मोठं मशीन घेतोय, हे तू ठेव, घरचा म्हणून ४५ हजारात देतो, महिन्याला तोळाभर सोनं कुठे जात नाही. आमच्याकडे फवारणीला बाजूला ठेवलेले तेवढेच पैसे आहेत आणि हे द्यायला तयार! एकदा ट्रायलला मशीन आणलं तर ह्यांना खरंच एक अंगठी मिळाली, तेव्हापासून माणूस झोपेत पण वाळू उकरतो. अंगठी माझ्याकडे तांदळाच्या डब्यात आहे. भावोजींचं किती खरं मानायचं, मशीन घ्यायचं का आणि त्या अंगठीचं काय करू? नातं तुटायला नको, गणपतीचं घर एकच आहे आमचं."

ताई,

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं कारण त्यातली भावोजींची बुचाची गोष्ट एकटीने वाचून गप्प बसण्यासारखी नव्हतीच. तुम्ही ती अख्खी चार पानं लिहून पाठवलीत, सगळी इथे मावणार नाही, पण ती सांगितल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं कुणाला कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

तर झालं असं की पावसाने उघडीप दिलेली, किनारा नुसता खरवडून निघालेला, आणि भावोजी एकटेच मशीन घेऊन खाली उतरले. मशीन आधी कुईकुई करत होतं, मग एका जागी, भावोजींच्याच शब्दात, "असां बोंबाललां काय मिठबावापर्यंत कुत्रे उठले". खणायला घेतलं. गुडघाभर झालं, कमरेएवढं झालं, मग फक्त टोपी वर दिसायला लागली आणि त्या टोपीवर एक कावळा येऊन बसला, त्याला वाटलं दगड आहे. एवढ्यात फावडं ठण्णकन वाजलं, बघतात तर सोन्याचा नारळ! नारळी पौर्णिमेला कोणा राजाने सोडलेला असणार. तो उचलून काठावर ठेवला तर एक कुर्ली, म्हणजे खेकडी, आली आणि नारळाला नांग्या लावून म्हणाली हा आमच्या वाडीचा. वाद झाला, निम्मा-निम्मावर मिटलं. पण मशीन थांबेना! म्हणून अजून खाली गेले तर बैलगाडीच्या चाकाएवढी लोखंडी कडी. भावोजींनी दोन्ही पाय रोवून ती ओढली आणि 'बुडूक' असा आवाज आला.

ते अरबी समुद्राचं बूच होतं.

पाणी गरगरायला लागलं. तारकर्लीला स्कूबा करायला गेलेले पुणेकर गुडघाभर पाण्यात उभे राहून एकमेकांकडे बघायला लागले, सुरमया वाळूत उड्या मारायला लागल्या, होड्या आडव्या पडल्या, आणि तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला, मस्कतहून जुन्या मुकादमाचा फोन, अरे आमच्याकडचं पाणी खाली चाललंय, तुमच्याकडे काय चाललंय? मग काय, भावोजींनी बूच परत दाबून बसवलं आणि भरती येईपर्यंत त्याच्यावर बसून राहिले. त्या गडबडीत नारळ वाहून गेला. "सोनां गेलां तर गेलां, समुद्र तरी वाचलो!" आणि पुरावा मागितला तर पोटरीवरचा कुर्लीचा ओरखडा दाखवतात.

आता माझं प्रामाणिक मत ऐका. ही गोष्ट मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणजे ती खोटी आहे हे सांगायला कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही, सांगणाऱ्याला माहितीये, ऐकणाऱ्याला माहितीये, कावळ्याला पण माहितीये. असल्या गजाली आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्यात, पावसाळ्यात लाईट गेल्यावर दुसरं करायचं तरी काय, आणि ज्याच्या पडवीत असा माणूस बसतो ते घर नशीबवान. बुचाच्या गोष्टीने आजवर कोणाचा एक रुपया गेलेला नाही. त्यामुळे ह्या बाबतीत तुम्ही भावोजींना अजिबात खोडून काढू नका, उलट पुढच्या वेळी विचारा की बूच रबराचं होतं की लाकडाचं.

माझा डोळा आहे तो दुसऱ्या वाक्यावर. "महिन्याला तोळाभर कुठे जात नाही." ह्यात कुर्ली नाही, कावळा नाही, मस्कतचा फोन नाही, आवाज पण बारीक करून सांगितलंय असं तुम्हीच लिहिलंय. जिथे गोष्ट आकाशाएवढी असते तिथे खिशाला धोका नसतो, गोष्ट माणसाच्या मापाची झाली, त्यात तोळे-महिने-हजार आले की सावध व्हायचं. आणि साधा हिशोब करा ना, तोळा आज लाखाच्या पुढे गेलाय, दर महिन्याला लाख काढून देणारं मशीन कोण शहाणा ४५ हजारात देईल? घरचा असला म्हणून काय झालं? आंब्याचं लागतं झाड कोणी जळणाच्या भावात दिलेलं मी तरी बघितलं नाही.

तुम्ही लिहिलंय की भावोजींचा सगळ्यात पक्का किस्सा म्हणजे कोजागिरीचा, मध्यरात्री, चांदणं, पाणी लांब आत गेलेलं, ओल्या वाळूत तीन तोळ्यांची चेन. ह्यांचा त्या किश्श्यावर पूर्ण विश्वास बसलाय कारण त्यात गमतीचं काही नाही. आता तुमच्या घरात कोणीतरी म्हातारं माणूस असेलच, त्यांना विचारा, भरतीची वेळ कशी काढतात? तिथीची पाऊणपट. एकादशी असली तर अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ, त्या सुमाराला पूर्ण भरती. कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे धरा, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास समुद्र फुल्ल भरलेला असणार, त्यात पौर्णिमेचं उधाण. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी सहाच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. म्हणजे भावोजी ज्या वाळूत उभे राहून चेन काढत होते तिथे त्या वेळी पाणी होतं आणि भावोजींच्या हातात बहुतेक मसाला दूध होतं. दर्यावर जन्म गेलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण गल्फमध्ये बरीच वर्षं काढली की तिथी विसरतात.

तरी पण, म्हणजे किनाऱ्यावर सोनं मिळतच नाही का? मिळतं! म्हणून तर हा नाद सुटत नाही, आणि ह्यांना एक अंगठी मिळाली त्यात मला काडीचं आश्चर्य नाही. पाण्यात गेल्यावर बोटं आकसतात, लाटेचा मार बसतो, सैल अंगठी जाते. कुणकेश्वरला महाशिवरात्रीला लाखांनी माणूस येतं, स्नानाला पाण्यात उतरतं. विसर्जनाला गणपतीच्या गळ्यातली चेन काढायची राहून जाते, मग रात्री दहा वाजता अख्खं घर टॉर्च घेऊन किनाऱ्यावर. वर सुट्टीतले टुरिस्ट. तर सोनं पडतं, प्रश्न असा की ते पडल्यावर जातं कुठे.

हे नीट समजून घ्या कारण इथेच खरा शोधणारा आणि नुसता फिरणारा वेगळे होतात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, आणि आपली वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट. म्हणजे लाटेने वाळू हलली की हलकं वर उचललं जातं आणि सोनं खाली खाली सरकतं, ते कुठेतरी कडक थर लागेपर्यंत, शिंपल्यांचा थर, चिकणमाती नाहीतर जांभ्याचा खडक. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो, पाऊस सरला की हळूहळू परत आणून टाकतो, हे तुम्ही दरवर्षी बघताच. म्हणजे जड वस्तू हाताला लागायची वेळ ती पावसाळ्याच्या शेवटाची, वाळू परत भरायच्या आधीची, आणि जागा ती जिथे जाळ्याची शिशाची वजनं आणि जुनी नाणी एका पट्ट्यात सापडतात, कारण जड जडाच्या सोबतीला जातं. मे महिन्यात टुरिस्ट जास्त म्हणून सोनं जास्त असं वाटतं पण तेव्हा वर वाळूचा ढीग असतो आणि साधं मशीन अंगठीएवढी वस्तू ओळखतं ते वीतभर खोलीवर, फार तर दीड वीत. टोपी दिसेनाशी होईपर्यंत खणायचा प्रश्नच येत नाही.

मशीनचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही. खालच्या चकतीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू असला तर त्यात बारीक करंट फिरतो, तो मशीन पकडतं आणि वाजतं. आता गंमत बघा, खारं पाणी पण वीज वाहून नेतं, त्यामुळे साध्या एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ओली वाळू म्हणजेच एक भलामोठा धातू वाटतो आणि ते कारण नसताना बडबडत बसतं. त्यासाठी पल्स इंडक्शनची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे तुटक झटके सोडणारी, नाहीतर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं असतात. शिवाय कोकणात कुठे कुठे काळी वाळू आहे, रत्नागिरीकडे काळबादेवी, मालगुंडच्या पट्ट्यात तर इल्मेनाईट ह्या लोखंड असलेल्या खनिजासाठी सर्व्हे झालेत, त्या लोहयुक्त वाळूत मशीन अजून गोंधळतं. आणि उन्हात जी पिवळी चमक दिसते ना वाळूत, ते अभ्रक, त्याला मशीन वाजत पण नाही. तर भावोजींना पहिला प्रश्न हा विचारा की हे मशीन ओल्या वाळूत गप्प राहतं का. ट्रायलला जी अंगठी मिळाली ती वरच्या कोरड्या वाळूत मिळाली की पाण्याच्या काठाला, हे ह्यांना पण विचारा. कोरड्या वाळूत मिळाली असेल तर मशीन कदाचित बागेत हरवलेला कोयता शोधायलाच बरं असेल आणि "मी मोठं घेतोय" ह्याचा अर्थ मग आपोआप लागतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बुचं किती मिळाली? समुद्राचं नाही हो, बाटलीची. खऱ्या शोधणाऱ्याला बोलतं केलंत तर तो सोन्याबद्दल दोन वाक्यं बोलेल आणि कचऱ्याबद्दल अर्धा तास. बिअरची बुचं, कॅनच्या कड्या, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, गंजलेले खिळे, गळ, शिशाच्या गोळ्या, रुपया-दोन रुपयांची काळी पडलेली नाणी. आणि त्यातली मेख अशी की अॅल्युमिनियमची कडी आणि बारीक सोन्याची अंगठी मशीनला जवळजवळ सारखीच ऐकू येते, म्हणजे कडीचा आवाज टाळला की अंगठी पण टाळली, सगळंच्या सगळं खणावंच लागतं, कंबर जाते माणसाची. ज्याच्या गोष्टीत एकही बूच नाही तो एकतर किनाऱ्यावर गेलेला नाही नाहीतर विकायला बसलाय. तुमच्या चार पानांत मी शोधलं, नारळ आहे, चेन आहे, होन म्हणजे जुनी सोन्याची नाणी आहेत, बाटलीचं बूच एकसुद्धा नाही.

होनांवरून आठवलं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ते विजयदुर्गाच्या बाजूला "आंग्र्यांचा खजिना" शोधायला जायचं म्हणतायत. तेवढं मात्र ह्यांना हात धरून थांबवा, इथे मी मस्करी करत नाहीये. एक तर १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी, वॉटसन आणि क्लाईव्हनी, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला तेव्हा आत जे काही होतं ते त्यांनी आपापसात वाटून घेतलं, दहाएक लाखाची लूट म्हणतात त्या काळातली, सोबतच्या पेशव्यांना सुद्धा त्यातलं काही दिलं नाही. जे पेशव्यांना दिलं नाही ते तुमच्या दिरासाठी वाळूत ठेवून गेले असतील का? दुसरं म्हणजे विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे परवानगीशिवाय खणणं म्हणजे सरळ गुन्हा, आणि मशीन घेऊन फिरताना कोणी व्हिडिओ काढला की आटोपलंच मग.

आणि समजा नशिबाने खरंच कुठेतरी जुनं काही लागलं, तर ते "गावलां तेचां" असं नसतं. १८७८ चा एक कायदा आहे निखात निधीचा, अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी. दहा रुपये हा आकडा पण १८७८ चाच, कोणी बदलला नाही, त्यामुळे आज एका वडापावाच्या किमतीचं सापडलं तरी तो निधीच. कोणी मालक पुढे आला नाही तर सापडवणाऱ्याला पाऊण वाटा आणि जमिनीच्या मालकाला पाव वाटा असं त्यात आहे, म्हणजे कायदा वाईट नाहीये, पण लपवलंत तर वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं असेल तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा पण लागतो. हे भावोजींना चहासोबत सांगा, बघा होनांची गोष्ट कशी लगेच आटोपते.

जाता जाता अजून एक, कारण मला ह्या नादाची पुढची पायरी माहितीये. सोनं नाही मिळालं की कोणीतरी कानात सांगतं व्हेलची उलटी मिळाली तर कोटीत जाते. मिळाली तरी हात लावायचा नाही, विकणं सोडा, जवळ ठेवणं पण वन्यजीव कायद्यात अडकवतं, पेपरात दर थोड्या दिवसांनी आपल्याच भागातल्या पोरांचे फोटो येतात. फॉरेस्टला फोन करायचा आणि घरी यायचं. तसंच नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कासवांची घरटी असतात, तांबळडेग तर तुमच्याच तालुक्यात, वर कोरड्या वाळूत दीड फूट खाली शंभरेक अंडी असतात आणि फावडं त्यांना विचारून खाली जात नाही. त्या दिवसात भरतीरेषेच्या वर खणणं बंद म्हणजे बंद. आणि बारा महिने एक नियम, उकरलेला खड्डा बुजवायचा, रात्री कोणाचा तरी पाय मोडतो.

आता मशीन घ्यायचं का. नाही. फवारणीचे पैसे फवारणीला, मोहोर आला की तुडतुडा तुमच्या दिरासाठी थांबत नाही. पण मी नुसतं नाही म्हणून सोडणार नाही कारण ह्यांच्या डोळ्यात अंगठी चमकलीये आणि तुम्ही तोंडावर नाही म्हटलंत तर ते दुसरीकडून पैसे उभे करतील, पुरुषांचं हे मला माहितीये, माझ्या माहेरी वेंगुर्ल्याला कोळंबीच्या नादात काय काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर असं करा. भावोजींना सांगा, घ्यायचं आहे पण आधी एक सीझन आमच्याकडे वापरायला ठेवा, जे सोनं मिळेल त्यात निम्मं तुमचं. नीट ऐका, ४५ हजार नाही, भाडं नाही, सोन्यात निम्मा वाटा. (सोनं म्हणजे रीतसर आपलं ठरलेलं, उचललं आणि खिशात घातलं असं नाही, त्याचं खाली लिहिते.) ज्याला खरंच महिन्याला तोळा मिळतो तो ह्या बोलीवर उडी मारेल, त्याला घरबसल्या अर्धा तोळा. आणि ते "नको नको, रोखच बरे" म्हणाले की ह्यांना पडवीतच उत्तर मिळेल, तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही, नात्याला ओरखडा नाही. हे तुमच्या तोंडून नको, ह्यांच्याच तोंडून जाऊ दे, आणि हसत.

ते तयार झाले तर उत्तमच. मग मशीनचा एक खरा उपयोग आहे जो मला सोन्यापेक्षा खात्रीचा वाटतो. तुमच्याकडे दोन खोल्या आहेत, येणारे गेस्ट समुद्रात जातात, कोणाची ना कोणाची अंगठी नाहीतर कानातलं जातंच आणि मग त्या बाईचं तोंड बघवत नाही. कुठे आणि कधी पडलं हे माहीत असेल तर शोधणं एकदम सोपं होतं, त्या दिवशीच्या सुकतीला त्याच पट्ट्यात दोरी आखून उभं-आडवं फिरायचं, अजून खाली गेलेलं नसतं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या होमस्टेवाल्यांना पण सांगून ठेवा. शोधून दिलं की लोक खुशीने देतात ते घ्या, नाही दिलं तरी पुढच्या वर्षी तेच दहा जणांना घेऊन येतात. पाऊस आणि खवळलेला समुद्र असताना मात्र कोणाच्या लग्नाची अंगठी असली तरी पाण्यात उतरायचं नाही, शेवटी ती अंगठी आहे.

आणि संध्याकाळी गेस्ट जेवायला बसले की भावोजींना बोलवा. बुचाची गोष्ट तुमच्या पडवीत तुमच्या दोघांसाठी वाया चाललीये! सोलकढी आणि बांगड्यासोबत पुण्या-मुंबईची माणसं ती तोंड उघडं टाकून ऐकतील, पोरं तर दुसऱ्या दिवशी बादल्या-फावडी घेऊन बूच शोधायला जातील. भावोजींना एक थाळी आणि मान द्या, त्यांना तेच हवंय असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं, ४५ हजार हे मागाहून सुचलेलं दिसतंय. गल्फहून परत आलेल्या माणसाला गावात पहिलं वर्ष सगळे विचारतात, दुसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही, मग तो समुद्राचं बूच काढतो.

राहिली अंगठी. ती तांदळाच्या डब्यातून आजच काढा. ती निधी वगैरे नाही, ती कोणाची तरी हरवलेली वस्तू आहे, आणि कायद्याच्या भाषेत मालक शोधायचा प्रयत्न न करता आपली म्हणून ठेवणं हा अपहार होतो, "सापडली" हे उत्तर पुरत नाही. भिंग घ्या आणि आतल्या बाजूला बघा. नवीन अंगठी असेल तर ९१६ ह्या बावीस कॅरेटच्या खुणेशेजारी सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी नंबर असेल, २०२३ च्या एप्रिलपासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर म्हणून सरकारी अॅप आहे त्यात तो नंबर टाकला की कोणत्या ज्वेलरकडचा दागिना, कोणत्या सेंटरला हॉलमार्क झाला, किती शुद्ध, ते येतं. घेणाऱ्याचं नाव येत नाही, पण दुकान कळलं म्हणजे धागा लागला. नंबर नसला तर आत नाव, तारीख, काही कोरलंय का ते बघा.

मग साधा अर्ज लिहा, अमुक तारखेला अमुक ठिकाणी सोन्यासारखी दिसणारी अंगठी सापडली, वजन अमुक, आणि दोन प्रती घेऊन पोलीस ठाण्यात जा, अंगठी जमा करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी बसून राहायचं. गावच्या ग्रुपवर आणि ग्रामपंचायतीत कळवा की अंगठी मिळालीये, पण फोटो टाकू नका आणि आत काय कोरलंय ते तर अजिबात सांगू नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत सात मालक दारात उभे राहतील. जो आतलं बरोबर सांगेल त्याला ठाण्यात पाठवा. अर्ज मात्र ह्यांना लिहू द्या, भावोजींना नको.